रिकाम्या बाटलीची साक्ष

तळ्याच्या काठावर ओळीने सात बाटल्या ठेवलेल्या असतात. सहांमध्ये तळ्याचं पाणी भरायचं. सातवीत प्रयोगशाळेतून आणलेलं शुद्ध पाणी आधीच भरलेलं असतं. तीही काठावरच उघडायची, तिचंही पाणी त्याच पंपाने फिल्टरमधून ओढायचं, तिचाही फिल्टर चिमट्याने उचलून नळीत टाकायचा आणि वर लेबल लावायचं. नवख्या माणसाला ही बाटली म्हणजे शुद्ध नासाडी वाटते. एक फिल्टर गेला, एक नळी गेली, पुढे प्रयोगशाळेतलं रसायन जाणार, आणि एवढं करून उत्तर काय, तर ‘काही सापडलं नाही’. पण बाकीच्या सहा बाटल्यांचं ऐकायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार याच सातवीकडे असतो.

पाण्यातल्या, मातीतल्या किंवा हवेतल्या डीएनएवरून प्राण्यांचा माग काढणं, म्हणजेच पर्यावरणीय डीएनए किंवा ईडीएनए. कल्पना सोपी आहे. प्रत्येक जीव सतत काहीतरी मागे टाकत असतो: कातडीचे पापुद्रे, अंगावरचा चिकट स्राव, लघवी, विष्ठा, अंडी, केस. त्यांतल्या पेशींमधला डीएनए पाण्यात तरंगत राहतो आणि हळूहळू तुटत जातो. तो पूर्ण तुटायच्या आत पाणी गाळलं, तर प्राणी न बघता, न पकडता त्याची हजेरी लागते. गाळातून सूक्ष्मजीवांचा डीएनए वेगळा काढण्याचं काम १९८०च्या दशकातच सुरू झालं होतं. मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत मात्र सगळ्यांचं लक्ष वेधलं ते २००८ मध्ये, फ्रान्समधल्या तळ्यांनी. बाहेरून येऊन माजलेला अमेरिकन बुलफ्रॉग कोणत्या तळ्यात आहे, हे तिथे एका वेळी फक्त १५ मिलिलिटर पाणी घेऊन ओळखलं गेलं. एका मोठ्या चमच्यात मावेल एवढं पाणी!

त्या चमचाभर पाण्याने एक गैरसमजही पसरवला. ‘पाणी घ्या, प्रयोगशाळेत द्या, यादी मिळवा’ इतकंच हे काम आहे, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात पाणी घेणं हाच सर्वांत कठीण भाग असतो, आणि यादी हाती आल्यावर खरं डोकं लावावं लागतं.

इंग्लंडमधली ग्रेट क्रेस्टेड न्यूटची पद्धत बघण्यासारखी आहे. न्यूट हा सरड्यासारखा दिसणारा, पण बेडकाच्या गोतातला, संरक्षित उभयचर. बांधकामाच्या जागेवरच्या तळ्यात तो आहे का, हे आधी तपासावं लागतं. पूर्वी त्यासाठी रात्री बॅटरी घेऊन, सापळे लावून, पानांच्या घड्यांत अंडी शोधत कित्येक फेऱ्या माराव्या लागत. २०१४ पासून तिथल्या सरकारी निसर्गसंस्थेने ईडीएनए चाचणी मान्य केली, पण अटींसकट. नमुने १५ एप्रिल ते ३० जून याच काळात घ्यायचे, कारण तेव्हा न्यूट विणीसाठी पाण्यात असतो. पाण्यात न उतरता, तळ्याभोवती फिरून २० ठिकाणी, दर ठिकाणी ३० मिलिलिटर पाणी घ्यायचं. ते एका निर्जंतुक पिशवीत एकत्र करून चांगलं हलवायचं. मग अल्कोहोल भरलेल्या सहा नळ्यांत प्रत्येकी १५ मिलिलिटर टाकायचं. प्रयोगशाळेत या नमुन्याच्या १२ चाचण्या होतात आणि त्यांतली एक जरी पॉझिटिव्ह आली तरी तळं पॉझिटिव्ह धरतात.

या कृतीतल्या प्रत्येक आकड्यामागे कधीतरी झालेली फसगत आहे. वीस ठिकाणं कशासाठी? तर साठलेल्या पाण्यात डीएनए साखरेसारखा विरघळत नाही, ढगासारखा पुंजक्यांनी राहतो. न्यूट पूर्वेच्या काठाला असेल आणि बाटली पश्चिमेला बुडवली, तर हाती काही लागणार नाही. आणि पाण्यात उतरायला मनाई का? पाय पडला की तळाचा गाळ उठतो. गाळात डीएनए पाण्यापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकतो. म्हणजे मागच्या हंगामात येऊन गेलेला प्राणी आजच्या हजेरीपटावर उमटायचा. ओढ्यात किंवा नदीत उतरण्यावाचून पर्याय नसेल, तर प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभं राहायचं आणि बाटली आपल्यापुढे, वरच्या अंगाला धरायची, म्हणजे आपण ढवळलेलं पाणी तिच्यात येत नाही. एकाच ओढ्यावर अनेक ठिकाणं असतील तर खालून वर जायचं. हे न पाळता, ‘गाडी वर लावली होती’ म्हणून वरून खाली उतरत आलेल्या चमूचे नमुने मला विचाराल तर मी फेकून देईन.

आता गाळण्याविषयी, कारण वेळ आणि संयम इथेच संपतो. मोठ्या क्षेत्राच्या पाहणीत सहसा दर नमुन्याला एक ते दोन लिटर पाणी गाळायचं ठरलेलं असतं. फिल्टरची छिद्रं ०.२२ मायक्रॉनपासून पुढे हवी तशी मिळतात, ०.४५ आणि ०.७ जास्त वापरात आहेत. स्वच्छ डोंगरी झऱ्याचं पाणी ०.४५ मधून आरामात जातं. शेवाळलेल्या तळ्याचं पाणी मात्र दोनशे-तीनशे मिलिलिटरवर अडतं. आधी थेंबांची धार तुटते, मग थेंब मोजता यायला लागतात, मग पंपाचा आवाज बदलतो. अशा वेळी पंपाचा जोर वाढवण्याचा मोह होतो आणि फिल्टर फाटतो. फाटलेला फिल्टर नेहमी डोळ्यांना दिसतोच असं नाही. पाणी एकाएकी सुळकन गेलं तर समजायचं. यावर इलाज असा, की गढूळ पाण्याला मोठ्या छिद्रांचा फिल्टर घ्यावा. डीएनए सुटा फार कमी असतो. बराचसा पेशींच्या आणि पेशींच्या तुकड्यांच्या आत असतो. कार्प माशांवरच्या कामात त्याचा सर्वांत मोठा वाटा १ ते १० मायक्रॉनच्या कणांत मिळाला होता. त्यामुळे छिद्र थोडं मोठं केल्याने जे निसटतं, ते जास्त पाणी गाळल्याने भरून निघतं. नाहीतर दोन फिल्टर वापरून पुढे ते एकत्र करावेत. काहीही करा, पण नेमकं किती पाणी गेलं ते तिथल्या तिथे वहीत लिहा. ‘साधारण एक लिटर’ ही नोंद नव्हे.

गाळलेला फिल्टर लगेच अल्कोहोलमध्ये किंवा डीएनए टिकवणाऱ्या द्रावणात जायला हवा. काठावर गाळणं जमत नसेल तर पाणी बर्फाच्या पेटीत, अंधारात ठेवून त्याच दिवशी, फार तर २४ तासांच्या आत गाळायचं. पाण्यातला डीएनए काही तासांत निम्म्यावर येऊ शकतो. ऊन, उष्णता आणि त्याहून जास्त म्हणजे पाण्यातले जिवाणू तो संपवत असतात, आणि बंद बाटलीत ते जेवण थांबवत नाहीत.

स्वच्छतेतही एक फसवी सवय आहे. स्पिरिटने पुसलं की साफ झालं, अशी आपली समजूत असते. स्पिरिट जंतू मारतं, पण डीएनए नष्ट करत नाही. उलट नमुना टिकवायला आपण अल्कोहोलच वापरतो! डीएनए मारायला ब्लीच लागतं. घरगुती ब्लीच दहा टक्के, म्हणजे एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी. ते दर वेळी ताजं कालवून त्यात साहित्य निदान दहा मिनिटं बुडवायचं. मग शुद्ध पाण्याने भरपूर धुवायचं, कारण उरलेलं क्लोरीन पुढच्या बाटलीतला खरा डीएनएही खाऊन टाकतं. घाईत न धुतलेल्या बाटल्यांतून आलेला ‘इथे काहीच नाही’ हा निष्कर्ष सातव्या बाटलीलाही पकडता येत नाही. रिकामी बाटली भलतं काही आलं तर ओरडते. असलेलं गेलं तर गप्प बसते. त्यासाठी वेगळा पहारेकरी लागतो: ठाऊक असलेला, परका डीएनए ठरावीक प्रमाणात नमुन्यात टाकायचा आणि तो शेवटी तेवढाच मिळतो का ते बघायचं.

हाच पहारेकरी प्रयोगशाळेतही कामी येतो. कुजलेल्या पाल्याच्या, चहासारख्या तपकिरी पाण्यात ह्युमिक आम्लं असतात. ती डीएनएबरोबर चिकटून येतात आणि पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेचं, विकर अडवतात. डीएनए असतो, पण यंत्र कोरं राहतं. टाकलेला परका डीएनए नेहमीपेक्षा पीसीआरच्या दोन-तीन फेऱ्या उशिरा दिसला, की अडथळा आहे हे कळतं. मग फिल्टरमधून काढलेला डीएनएचा अर्क दहापट पातळ करून चाचणी पुन्हा लावतात. अर्थात त्यात आपल्याला हवा असलेला डीएनएही दहापट पातळ होतो. दुर्मीळ प्राण्याच्या बाबतीत हा सौदा महागात पडतो, म्हणून अशा पाण्यासाठी आधीच आम्ल काढून टाकणारं जादा शुद्धीकरण वापरणं बरं.

पीसीआरमध्ये दर फेरीला तुकडे दुप्पट होतात. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींच्या वर. या ताकदीमुळेच पाण्यातली कणभर खूण वाचता येते आणि या ताकदीमुळेच घात होतो. झाकण उघडताना उडालेल्या अदृश्य तुषारात लाखो प्रती असतात. म्हणून अर्क काढायची खोली वेगळी, पीसीआरची वेगळी, आणि माणसाची वाट एकाच दिशेची: सकाळी पहिलीत काम करून दुपारी दुसरीत जायला हरकत नाही, पण दुसरीतून त्याच दिवशी परत पहिलीत यायचं नाही. ही शिस्त वहीशिवाय कुणी तपासत नाही.

चाचणी दोन तऱ्हांची असते. एकच प्राणी शोधायचा असेल तर त्याच्यापुरते प्रायमर (कोणता तुकडा वाढवायचा हे पीसीआरला दाखवणारे डीएनएचे छोटे धागे) घेऊन क्यूपीसीआर, म्हणजे प्रती वाढत असतानाच त्या मोजणारा पीसीआर. हे जास्त संवेदनशील असतं. सगळी यादी हवी असेल तर मेटाबारकोडिंग: माशांच्या किंवा सस्तन प्राण्यांच्या अख्ख्या गटाला लागू पडणारे प्रायमर वापरून एक छोटा तुकडा वाढवायचा, सगळ्यांचं एकदम सिक्वेन्सिंग करायचं, म्हणजे अक्षरक्रम वाचायचा, आणि ओळखीच्या जातींच्या संदर्भसूचीशी ताडून बघायचं. तुकडा सहसा मायटोकॉन्ड्रियातला निवडतात, कारण एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात. माशांसाठी जपानमध्ये २०१५ साली पुढे आलेले मायफिश प्रायमर सुमारे १७० अक्षरांचा तुकडा वाचतात. ओकिनावाच्या मत्स्यालयात, टाक्यांतल्या ठाऊक असलेल्या १८० जातींपैकी १६८ जाती त्यांनी नुसत्या पाण्यातून ओळखल्या.

मत्स्यालयांनी आणखी एक गंमत शिकवली. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे मत्स्यालयाच्या टाकीतल्या पाण्यात मेनहेडन नावाचा मासा सापडला. टाकीत तो नव्हताच. बाकीच्यांना तो खाऊ घातला जात होता. यंत्राने खोटं सांगितलं नव्हतं. डीएनए होता. आपण विचारलं होतं ‘इथे कोण राहतं?’ आणि पाण्याने उत्तर दिलं होतं ‘इथे कोणाकोणाचा अंश येऊन पडला’. ईडीएनएच्या बहुतेक वादांचं मूळ या दोन प्रश्नांच्या गल्लतीत आहे.

शिकागोच्या कालव्यात ही गल्लत फार महागड्या पातळीवर झाली. आशियाई कार्प मासे मिशिगन सरोवरात शिरू नयेत म्हणून तिथे पाण्यात विजेचा अडसर आहे. २००९ मध्ये अडसराच्या पलीकडच्या, सरोवराच्या बाजूच्या पाण्यात कार्पचा डीएनए मिळाला आणि गोंधळ उडाला. मासा पलीकडे गेला, की नुसता डीएनए? पक्ष्यांनी मासा खाऊन पलीकडे विष्ठा टाकली असेल, बोटींच्या बुडाला लागून आला असेल, मासळीच्या दुकानांतल्या बर्फाचं पाणी गटारातून आलं असेल. पुढे या वाटा खरोखर तपासल्या गेल्या आणि अशा मार्गांनी डीएनए पोचू शकतो असं दिसलं. २०१० मध्ये कॅल्युमेट तलावात, अडसराच्या पलीकडे, एक जिवंत बिगहेड कार्प जाळ्यात आला. म्हणून डीएनए जिंकला असं म्हणायची मला घाई नाही. एका माशाने सगळ्या पॉझिटिव्ह बाटल्यांचा हिशोब लागत नाही. पण जाळ्याआधी पाण्याने सावध केलं होतं, एवढं खरं.

वाहत्या पाण्यात ‘इथे’ म्हणजे कुठे, हाही प्रश्नच असतो. स्वित्झर्लंडमधल्या ग्लाट नदीत, वरच्या सरोवरात राहणाऱ्या शिंपल्याचा डीएनए सुमारे ९ किलोमीटर खाली आणि डॅफ्निया या पाणपिसवेचा सुमारे १२ किलोमीटर खाली मिळाला. नदीकाठच्या एका ठिपक्यावर घेतलेला नमुना हा त्या ठिपक्याचा नसतो, वरच्या पाणलोटाचा असतो. एखाद्या प्रदेशाचं सर्वेक्षण आखताना हे दूषण भूषण होऊ शकतं: उपनद्या मिळतात तिथे, संगमाच्या जरा वर, प्रत्येक फाट्यावर नमुने घ्यावेत, आणि ज्या फाट्यात खूण मिळेल त्याच्यावर पुढच्या फेरीत वरवर चढत जावं. पण मग नकाशावर ठिपका न काढता पाणलोट रंगवायला हवा. अहवालांत अजूनही ठिपकेच दिसतात.

जमिनीवरच्या प्राण्यांसाठी पाणवठा उपयोगी पडतोच, पण वाटा इतरही आहेत. व्हिएतनामच्या जंगलातल्या २५ जळवा तपासल्या तेव्हा २१ जणींच्या पोटात सस्तन प्राण्यांचा डीएनए मिळाला. त्यात क्वचितच दिसणारा, ॲनामाइट डोंगररांगेतला पट्टेरी ससाही होता. २०२२ मध्ये कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयात नुसती हवा गाळून पाठीचा कणा असलेल्या ४९ जाती ओळखल्या, आणि त्यात तिथल्या उष्णकटिबंधीय घराच्या डबक्यातले गप्पी मासेसुद्धा निघाले. दक्षिण आफ्रिकेत डी विंटनचा सोनेरी मोल ८० हून अधिक वर्षं कुणाला दिसला नव्हता. वास घेणारा कुत्रा आणि वाळूतला डीएनए यांच्या जोरावर तो २०२३ मध्ये पोर्ट नॉलोथजवळ असल्याचं जाहीर झालं. वाळूत बोगदे करून राहणारा, आंधळा, हाताच्या पंजात मावणारा प्राणी. कॅमेरा ट्रॅपने तो कधी सापडला असता असं वाटत नाही.

मर्यादा मात्र ठोक आहेत. लांडगा आणि कुत्रा, रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर या जोड्या नेहमीच्या आखूड तुकड्यावरून वेगळ्या होत नाहीत. वस्तीचं सांडपाणी मिळत असेल तर कोंबडी, गाय, डुक्कर यादीत असणारच. ते आधीच बाजूला काढावेत. संदर्भसूचीत ज्या जातीचा नमुनाच नाही, ती जवळच्या नातेवाइकाच्या नावावर जमा होते, म्हणून दुसऱ्या खंडातली जात यादीत दिसली की नवा शोध लागल्याच्या आनंदात न जाता आधी सूचीतली भोकं बघावीत. संख्या तर विचारूच नये. दहा मासे की हजार, हे डीएनएच्या प्रमाणावरून भरवशाने सांगता येत नाही. वय, आकार, जिवंत की मेलेला, हेही नाही. राक्षसाच्या दंतकथेसाठी प्रसिद्ध असलेल्या स्कॉटलंडच्या लॉख नेस सरोवराचं पाणी २०१८ मध्ये तपासलं तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्याचा काही पत्ता लागला नाही, पण ईल माशांचा डीएनए जिकडेतिकडे मिळाला. राक्षस नाही, इतपत ठीक. मग लगेच प्रश्न आला: ईलच राक्षसाएवढा असेल तर? डीएनएला मोजपट्टी नसते.

आणि माणूस? तोही प्रत्येक बाटलीत असतो. समुद्री कासवांवर काम करणाऱ्या फ्लोरिडातल्या गटाने २०२३ मध्ये दाखवलं, की पाण्यातून आणि वाळूतून माणसाचा डीएनए इतका चांगला मिळतो की त्यावरून व्यक्तीबद्दलही काही कळू शकतं. वन्यजीवांच्या सर्वेक्षणातला असा कच्चा डेटा जसाच्या तसा खुला ठेवणं मला योग्य वाटत नाही. माणसाचा भाग आधी वेगळा काढावा.

सगळ्यांत अवघड उत्तर म्हणजे ‘नाही’. समजा, प्राणी तळ्यात खरोखर आहे, पण एका नमुन्यात तो सापडण्याची शक्यता ३० टक्के आहे. सहा नमुने घेतले तर सहाही कोरे येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के उरते. ती पाच टक्क्यांच्या खाली आणायला नऊ नमुने लागतात. ही तीस टक्क्यांची संख्या आयती मिळत नाही. जिथे प्राणी नक्की आहे अशा काही जागी आधी वारंवार नमुने घेऊन ती काढावी लागते, आणि ती ऋतूगणिक बदलते. निधी मर्यादित असेल तर कमी जागा आणि दर जागी जास्त नमुने, हे मला नेहमी पटतं. निधी देणाऱ्यांना नकाशावर भरपूर ठिपके आवडतात, हा भाग वेगळा. वर्षावर्षांची तुलना करायची असेल तर फिल्टर, छिद्र, प्रायमर यांतलं काही मध्येच बदलू नये. बदलावंच लागलं तर एक पूर्ण हंगाम जुनी-नवी पद्धत शेजारी शेजारी चालवावी.

आता शेवटी सातव्या बाटलीतच काही सापडलं तर? असं होतं. बाराच्या बारा चाचण्यांत आलं, तर त्या दिवसाचे सगळे नमुने रद्द. यावर वाद नको. पण बारांतल्या एकीत, तेही चाळिसाव्या फेरीच्या आसपास, पुसटशी रेषा उठली तर कठीण होतं. आधी शोधायचं की घाण कुठे शिरली. काठावरची ही बाटली, अर्क काढतानाचा कोरा नमुना आणि पीसीआरची कोरी नळी, अशा तीन पायऱ्यांवर तीन रिकामे साक्षीदार ठेवलेले असतील तर उत्तर मिळतं: पीसीआरची नळी कोरी, अर्काचा नमुना कोरा आणि फक्त काठावरची बाटली डागाळलेली, म्हणजे गडबड काठावर झाली, प्रयोगशाळेत नाही. मग त्याच पंपाने, त्या बाटलीच्या आधी कुठलं तळं गाळलं होतं ते वहीत बघायचं. काही जण सातव्या बाटलीत आलेला आकडा बाकीच्या सहांतून सरळ वजा करून मोकळे होतात. ते मला पटत नाही, कारण डाग सगळ्यांना सारखा लागत नाही. प्रत्येक फिल्टर अर्धा कापून एक भाग उणे ८० अंशांवर राखून ठेवलेला असेल, तर त्यावरून दुसऱ्या हातांनी, दुसऱ्या खोलीत, नव्याने अर्क काढायचा. त्यातही डाग आला, किंवा फिल्टर अख्खाच वापरून झाला असेल, तर त्या तळ्यापुढचा रकाना मोकळा ठेवायचा आणि पुढच्या विणीच्या हंगामात पुन्हा सात बाटल्या घेऊन जायचं.